मांगराची डागडुजी आणि छोटा इम्पॅक्ट ड्रायव्हर : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५

बागेतला मांगर, म्हणजे आंब्याचे क्रेट आणि सामान ठेवायचं छोटं घर, यंदा नीट करायचंच, असं घरात ठरलं. देवगडची हवा, त्यात मांगर खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अंगाला. पश्चिमेकडच्या उताराचे पत्रे स्क्रूंच्या भोकांपाशी खाऊन गेलेत. आत ऐनाच्या लाकडाचे जुने खांब आहेत, ते ठणठणीत. त्यांना आडव्या पट्ट्या मारून फळ्यांचे माळे करायचे, म्हणजे आंब्याचे क्रेट जमिनीला टेकणार नाहीत. दाराच्या आणि दोन खिडक्यांच्या बिजागऱ्या, कड्या बदलायच्या.

मांगरात वीज नाही. घरापासून वायर ओढायची तर कलमांच्या रांगांमधून न्यावी लागते. खाली माणसं आंबे उतरवत असतात, क्रेट घेऊन ये-जा करतात, त्यांच्या पायात वायर टाकायची माझी तयारी नाही. आजवर तिथली सगळी कामं डिसमिस, गिरमिट आणि हातोडीवर झाली. आता पत्रे आणि माळे मिळून स्क्रूंची संख्या इतकी आहे की हाताने ते पावसाआधी होणार नाही. तेव्हा बॅटरीवरचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू पिळणारं यंत्र, घ्यायचा. अट एकच घातली आहे : शिडीवर उभं राहून, एक हात वाशाला धरून, दुसऱ्या हाताने चालवता आला पाहिजे.

९ एप्रिल

यंत्राआधी स्क्रू ठरवले. दुकानात सगळे यंत्रापासून सुरुवात करतात, पण आपल्याकडे समुद्र एवढा जवळ असताना स्क्रू चुकीचा घेतला तर कुठल्याही यंत्राने मारा, चार पावसाळ्यांत डोकं झडून पडतं.

माळ्यांसाठी स्टेनलेस ३०४, ५ मिलिमीटर जाडीचे, ६० लांबीचे. दाराच्या बाहेरच्या बिजागऱ्यांसाठी ३१६. दोन्हींत क्रोमियम आणि निकेल असतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने पडणारे बारीक खड्डे त्यामुळे बरेच रोखले जातात. छपराखाली, वाऱ्याच्या आड ३०४ चालतं. बाहेर, जिथे खारा वारा थेट लागतो तिथे ३१६ घ्यावं, पैसे जास्त गेले तरी. साध्या लोखंडी स्क्रूचा ऐनात दुसराही त्रास आहे. ऐनात टॅनिन भरपूर, ते लोखंडाला लागलं की स्क्रूभोवती शाईसारखा काळा डाग उठतो आणि गंज आतल्या आत चालू राहतो. जुन्या खांबांवर असे डाग जागोजागी आहेत.

पत्र्यांना सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, षटकोनी डोक्याचे, खाली ईपीडीएम रबराचा वायसर. खांबांना मुख्य आडव्या पट्ट्या पकडायला ८ मिलिमीटरचे कोच स्क्रू, म्हणजे पान्याने आवळायचे जाड लाकडी स्क्रू. एवढी यादी हातात असली की मग यंत्राकडून काय हवं ते विचारता येतं.

१३ एप्रिल

आज पत्रकं वाचत बसलो. प्रत्येक खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आकडा असतो न्यूटन मीटरचा, म्हणजे यंत्र किती जोराने पिळतं त्याचा. बॉशचा जीडीआर १२०-एलआय १०० न्यूटन मीटर, मकिताचा टीडी११०डी ११०. हे दोन्ही १२ व्होल्टवाले. १८ व्होल्टमध्ये मकिताचा डीटीडी१५३ म्हणजे १७०, डिवॉल्टचा डीसीएफ८८७ म्हणजे २०५. नुसते आकडे पाहिले तर माणूस २०५ कडे ओढला जाणारच.

म्हणून आधी यंत्र आतून कसं चालतं ते नीट समजून घेतलं. आत एक हातोडी आणि एक ऐरण असते, दोन्ही एकाच दांड्यावर फिरणारी. स्क्रू सुरळीत जात असतो तोवर दोघी बरोबर फिरतात, ठोका नाही, साध्या ड्रिलसारखंच. भार वाढला की हातोडी मागच्या स्प्रिंगला दाबत मागे सरकते, ऐरणीच्या कानांवरून निसटते आणि फिरत पुढे येऊन त्या कानांवर आदळते. मिनिटाला तीन-साडेतीन हजार ठोके. पीळ असा तुकड्यातुकड्यांनी येत असल्यामुळे मनगटाला उलटा हिसका फारसा बसत नाही. ड्रिल मशीन स्क्रू अडकला की हातच फिरवून टाकतं, शिडीवर ते धोक्याचं. माझ्या दृष्टीने इम्पॅक्ट ड्रायव्हर घेण्याचं पहिलं कारण हेच आहे, ताकद त्यानंतर.

दुसरी बाजू अशी की यात क्लच नसतो. ड्रिलला कॉलर फिरवून सांगता येतं की एवढ्यावर थांब. इथे थांबवायचं ते बोटाने.

आता ताकदीचं. स्टेनलेसच्या बोल्टांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात तुटण्याचा किमान पीळ दिलेला असतो. ए२-७० या नेहमीच्या दर्जाचा ५ मिलिमीटरचा बोल्ट ७.८ न्यूटन मीटरपर्यंत टिकला पाहिजे, ६ मिलिमीटरचा १३ पर्यंत, ८ मिलिमीटरचा ३२ पर्यंत. लाकडाच्या स्क्रूची आतली कांब तर त्याच मापाच्या बोल्टपेक्षा बारीक असते. म्हणजे माझ्या माळ्यांचा स्क्रू सात-आठच्या अलीकडेच मान टाकणार, आणि हातात यंत्र शंभरचं की दोनशेचं यावर चर्चा! खोक्यावरचा आकडा घट्ट लोखंडी जोडावर काही सेकंद ठोकून मिळालेला असतो. लाकडात तेवढा पोचत नाही, हे खरं. तरी पोचतो तो स्टेनलेसच्या बारीक स्क्रूला पुरून उरतो.

हे कागदावरचं गणित आहे. लाकडात उतरवून बघितल्याशिवाय यंत्र घेणार नाही.

व्होल्टबद्दलही लिहून ठेवतो, कारण धाकट्या भावाचा इथे गोंधळ झाला होता. लिथियम सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.६, पूर्ण चार्ज झाल्यावर जेमतेम ४.२. तीन सेल जोडले की १०.८; हेच १२ मॅक्स म्हणून विकतात. पाच सेल जोडले की १८. हेच काही जण २० मॅक्स म्हणून विकतात. तेव्हा १८ आणि २० यांत ताकदीचा काही फरक नाही. बॅटरीतली ऊर्जा हवी तर व्होल्ट गुणिले अँपिअर तास : १२ व्होल्टची २ अँपिअर तासांची बॅटरी साधारण २१.६ वॉट तास, १८ व्होल्टची तेवढ्याच अँपिअरची ३६, आणि १८ व्होल्टची ५ वाली ९०. पण त्या ५ वालीत सहसा दहा सेल असतात आणि शिडीवर ते सगळे मनगटाला लटकतात.

१९ एप्रिल

आज दोन यंत्रं मागून आणली. चुलतभावाकडचं १८ व्होल्टचं, १७० न्यूटन मीटरवालं. वायरमनकडचं १२ व्होल्टचं, ११० वालं. मांगराच्या पडक्या बाजूचा ऐनाचा वासा कापून ठेवला होता, तो खळ्यात आडवा टाकला आणि त्यावरच सगळं केलं.

आधी भोक न पाडता स्क्रू. छोट्या यंत्राने निम्म्याहून जास्त आत नेला, मग ठोके सुरू झाले, स्क्रू जागचा हलेना आणि बिट डोक्यातल्या चौफुलीतून उसळायला लागला. मोठ्या यंत्राने त्याच जागेपाशी क्षणभर थांबून आणखी नेला आणि 'टक्' असा आवाज आला. डोकं वेगळं, कांब आत. बाहेर आलेल्या तुकड्याची तुटकी बाजू पाहिली : गुळगुळीत, चमकदार, पिळा पडलेली. स्टेनलेस असंच तुटतं, आधी ताणून मग एकदम. ऐनात अडकलेली ही कांब काढायची म्हणजे शेजारी पोखरावं लागतं.

मग ३.५ मिलिमीटरचं भोक पाडून. दोन्ही यंत्रांनी स्क्रू पूर्ण गेला. मोठ्याला वेळ कमी लागला, पण त्या फरकासाठी कुणी पैसे मोजावेत असा तो नव्हता.

मग भोक पाडून आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासून. छोट्या यंत्राचे ठोके अगदी शेवटी, डोकं बसताना, तेवढेच ऐकू आले. मोठ्याने मात्र डोकं पट्टीच्या वरच्या थरात गाडलं. बोट सुटेपर्यंत ते आत गेलेलं असायचं. माळ्याच्या पट्ट्या आंब्याच्या लाकडाच्या आहेत, मऊ. त्यात डोकं असं बुडालं की पट्टी तिथेच चिरते. मोठ्या यंत्राला वेग कमी करायचं बटण होतं, त्याने बरंच सावरलं, तरी १२ व्होल्टवाल्याचा चाप बोटाखाली जास्त ऐकत होता.

८ मिलिमीटरच्या कोच स्क्रूला, १३ च्या सॉकेटने, मोठं यंत्र निर्विवाद वरचढ. छोट्यानेही नेला, पण बराच वेळ खडखडत. यंत्राचं तोंड हाताला गरम लागत होतं. असे कोच स्क्रू माझ्या कामात थोडे आहेत. शेवटचे आटे पान्याने आवळले तरी चालेल. ज्याला रोज लांब आणि जाड स्क्रू मारायचे आहेत, लाकडी जेटी किंवा मोठं डेक करायचं आहे, त्याने १८ व्होल्टच घ्यावं, यात मला शंका नाही.

आम्ही ठोकत होतो तोवर सुतारकाका आवाज ऐकून आले. वाशावर नख मारून पाहिलं, तुटलेला स्क्रू उचलून पाहिला आणि म्हणाले, "ह्यां जुनां ऐन. आदी भोक मारूक व्हयां, नायतर स्क्रू तुटतलो." भोक मारल्यावर जातो, मेणबत्ती लावल्यावर आणखी सोपा जातो, असं दाखवलं तर खूश झाले. मी विचारलं, साबण लावला तर? "साबण लावू नको. साबणान गंज धरता." बरोबर आहे त्यांचं. साबण ओल धरून ठेवतो आणि आपल्याकडे हवेतच ओल. मेण कोरडं राहतं.

त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली ती इथे मुद्दाम नोंदवतो. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू मारायच्या आधी त्याच मापाचा साधा पोलादी स्क्रू त्या भोकात एकदा पूर्ण न्यायचा आणि उलटा फिरवून काढायचा. पोलाद कठीण असतं, ते लाकडात आटे पाडून ठेवतं. मग खरा स्क्रू त्या आट्यांवरून हाताच्या डिसमिसनेही जातो. दाराच्या ३१६ स्क्रूंना मी हेच करणार आहे.

२० एप्रिल

कालच्या वाशाकडे बघून निर्णयाचा अर्धा भाग झाला. ऐनात भोक पाडणं टळत नाही. भोक पाडलंच आहे तर मोठ्या यंत्राची जादा ताकद वापरायला जागाच उरत नाही. ती खर्च करायला गेलो की स्क्रू तरी तुटतो, पट्टी तरी चिरते. म्हणून १२ व्होल्ट. जे पैसे वाचतील त्यात त्याच बॅटरीवर चालणारं छोटं ड्रिल घ्यायचं. एकाने भोक, दुसऱ्याने स्क्रू, मध्ये बिट बदलणं नाही. बिजागऱ्यांच्या बारीक स्क्रूंना ड्रिलचा क्लचही मिळेल. मांगराच्या जांभ्याच्या भिंतीत प्लग बसवायलाही ते ड्रिलच लागणार. जांभ्याला हॅमर मारायची गरज नसते, साधं फिरवत गेलं की बांधीव भोक पडतं. हॅमरने कडा झडून प्लग ढिला बसतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरचे ठोके फिरण्याच्या दिशेने असतात, दगडात घुसायच्या दिशेने नव्हे, त्यामुळे भिंतीच्या कामाला तो उपयोगी नाही. हे दुकानदारही नीट सांगत नाहीत.

२७ एप्रिल

कणकवलीला दुकानात जाऊन यंत्रं हातात घेतली.

१२ व्होल्टमध्ये बॅटरीच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत सेल मुठीच्या आत शिरतात. त्याने खालचा पाय आखूड राहतो, खिशातसुद्धा यंत्र मावतं, पण मूठ जाड होते आणि बरीचशी यंत्रं उभी राहत नाहीत, आडवी ठेवावी लागतात. दुसरीत बॅटरी खालून सरकवून बसते, मूठ बारीक राहते आणि यंत्र फळीवर उभं राहतं. माझ्या हातांना बारीक मूठ बरी वाटली. उभं राहण्याचंही महत्त्व मला फार आहे : वाशावर किंवा पत्र्याच्या कडेला आडवं ठेवलेलं यंत्र घरंगळतं.

तोंडाची लांबी मोजायला टेप नेला होता. मांगरात खांब आणि भिंत यांच्यामध्ये जिथे पट्टी मारायची आहे तिथे यंत्र, बिट आणि स्क्रू असं सगळं मिळून मावायला हवं. बिटाची आणि स्क्रूची लांबी धरायला लोक विसरतात. यंत्र १३५ मिलिमीटरचं असेल, त्यात बाहेर राहणारा बिट आणि ६० चा स्क्रू मिळवला की दोनशेच्या वर जातं. १२ आणि १८ व्होल्टच्या नव्या ब्रशलेस, म्हणजे मोटरीत कार्बन ब्रश नसलेल्या, यंत्रांत तोंडाच्या लांबीचा फरक आता फार राहिलेला नाही. काही १८ वाली तर आखूडच आहेत. खरा फरक वजनाचा आणि खालच्या बॅटरीच्या पसाऱ्याचा.

ब्रशलेसच घ्यायचं ठरवलं. कार्बन ब्रशची झीज नाही, त्याच बॅटरीवर काम जास्त होतं, आणि घर्षण कमी म्हणून उष्णता कमी. ब्रशवालं वाईट नाही, स्वस्त आहे आणि ब्रश बदलता येतात. पण मांगरातलं काम सलग चालतं.

चाप हळूहळू दाबून पाहिला, प्रत्येक यंत्राचा, बिट लावून आणि बिटाच्या टोकाकडे बघत. काही चाप पहिल्या दाबालाच उडी मारतात. मला हवा होता तो बिट अगदी घड्याळाच्या काट्याएवढा सावकाश फिरवू देणारा. दिव्याचंही बघितलं. एकच दिवा चापाच्या वर असेल तर बिटाची सावली नेमकी स्क्रूच्या डोक्यावर पडते. मांगरात अंधार, तिथे हे जाणवणार. तोंडाभोवती तीन दिवे असले की सावली मरते. बिट एका हाताने खटकन आत बसतो की कॉलर ओढावी लागते, हेही पाहिलं, कारण शिडीवर दुसरा हात मोकळा नसतो.

बॅटरीचा प्रश्न सगळ्यांत शेवटी काढला आणि त्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. यंत्र घेतलं म्हणजे त्या बॅटरीचं घराणं घेतलं. एकाच कंपनीची १२ व्होल्टची बॅटरी तिच्याच १८ व्होल्टच्या यंत्राला बसत नाही. मकिताच्या जुन्या कांडीसारख्या १०.८ व्होल्टच्या बॅटऱ्या नव्या सरकत्या १२ मॅक्सच्या यंत्रांना चालत नाहीत, बॉशच्या १०.८ आणि १२ च्या मात्र एकमेकींत चालतात. सेकंड हँड घेणाऱ्याने हे आधी विचारावं. बाजारात नकली बॅटऱ्याही खूप आहेत. हातात घेतल्यावर खऱ्यापेक्षा हलकी लागली तर तिथेच परत द्यावी. भारतातली वॉरंटी, बिलावर यंत्राचा नंबर, आणि सर्व्हिस सेंटर आपल्यापासून किती लांब, हे तिन्ही विचारून घेतलं.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. १२ व्होल्ट ब्रशलेस ड्रायव्हर आणि त्याच घराण्याचं ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट घरात आले. आईने हळदकुंकू लावलं. बिट मुद्दाम इम्पॅक्टसाठीचे घेतले, मधली मान बारीक असते ती ठोक्याला जराशी पीळ खाते आणि टोक वाचतं. साधे बिट यात टिकत नाहीत.

४ मे

माळ्याचं काम सुरू. पट्टी खांबाला धरायची, ड्रिलने भोक, स्क्रूला मेण, ड्रायव्हरने आत. पहिल्या दोन पट्ट्यांनंतर हात असा बसला की ठोके सुरू झाल्याचा आवाज आला की मी बोट अर्धं सोडतो आणि डोकं पट्टीच्या पातळीवर येऊन थांबतं. डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात. तरी कानात इअर प्लग घालूनच काम करतोय. पत्र्याखाली हा आवाज फार चढतो, आणि प्लग घालूनही ठोका सुरू झालेला कळतो.

धाकटा भाऊ कोच स्क्रू मारत होता. तीन-चतुर्थांश ड्रायव्हरने, उरलेलं पान्याने. कुरबूर केली नाही.

११ मे

पत्रे. नवे पत्रे गॅल्व्हल्यूमचे आहेत, म्हणजे ५५ टक्के अॅल्युमिनियम, उरलेल्यात बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन असा मुलामा. आपल्या हवेत नुसत्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा हे टिकतात. खाली लोखंडी पाइपचे पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या दांड्या.

इथे इम्पॅक्ट ड्रायव्हर फार जपून वापरावा लागतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूचं टोक म्हणजे छोटं ड्रिल; पाइपला भोक पडेपर्यंत त्याला नुसतं फिरायला हवं, ठोका नको. म्हणून सरळ धरायचं, बेताचा जोर द्यायचा, आणि भोक पडून आटे धरले की चाप सोडत आणायचा. वायसरचं रबर धातूच्या चकतीच्या कडेला किंचित फुगून दिसलं की पुरे. पुढे गेलं तर रबर पिळवटून बाहेर येतं, दोन उन्हाळ्यांत तडकतं, आणि पाणी स्क्रूच्या कडेनेच आत शिरतं. जुन्या पत्र्यांची गळती बघितली तर बहुतेक ठिकाणी हेच झालेलं आहे : वायसर चपटा, पत्रा खोलगट, खळग्यात पाणी साचून गंज. एक-दोन स्क्रूंनंतर मी हे काम ड्रिलकडे दिलं, क्लच मधल्या आकड्यावर लावून. प्रत्येक वायसर सारखा बसला. मला विचाराल तर पत्र्यासाठी क्लचवालं ड्रिलच बरं.

स्क्रू मारताना लोखंडाचा बारीक कीस पत्र्यावर पडतो. तो त्याच संध्याकाळी मऊ ब्रशने झाडून टाकला. राहिला तर रात्रीच्या दवाने गंजतो आणि त्याचे ठिपके मुलाम्यावर उठतात.

२१ मे

कालपासून पाऊस. मे महिन्यात हा एवढा म्हणजे अवकाळीच. झाडावर आंबा आहे अजून. पश्चिमेचा उतार झाला आहे, पन्हळीचा पत्रा राहिला. क्रेट सगळे नव्या माळ्यांवर चढवले.

२६ मे

मान्सून काल देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. दर वर्षी आपण ७ जूनच्या आसपास वाट बघतो, यंदा मेमध्येच. पन्हळ राहिली ती राहिली. मांगरात गळती नाही. रात्रभर धो-धो पडल्यावर सकाळी प्रत्येक पर्लिनखाली हात फिरवून पाहिला, कोरडा.

२० जुलै

दुपारी पाऊस उघडला तेव्हा यंत्रांची देखभाल केली. वाऱ्याच्या जाळ्यांतून आत मीठ आणि लाकडाचा भुसा जातो, तो कोरड्या ब्रशने काढला. बिट बसतो तिथे तेलाचा एक थेंब, कॉलर चार वेळा मागेपुढे. इथे तेल नसेल तर पावसाळ्यात कॉलर धरून बसते. यंत्र मांगरात ठेवत नाही, घरी डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

बॅटऱ्या यंत्रातून काढून निम्म्या चार्जवर ठेवल्या आहेत. लिथियम सेल पूर्ण भरून महिनोन् महिने ठेवला की त्याची धारणा घटते, पार रिकामा ठेवला तर मरायची भीती. चार्जिंग इन्व्हर्टरवर करतो, लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही. कामावरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावली तर चार्जर थांबून राहतो, ती थंड झाल्यावरच घेतो. त्यात बिघाड काही नाही.

१७ ऑगस्ट

गणपती दहा दिवसांवर. मुंबईहून मंडळी यायच्या आत दाराचं काम हातावेगळं केलं. बाहेरच्या बिजागऱ्या ३१६ च्या स्क्रूंनी, सुतारकाकांच्या पद्धतीने : आधी पोलादी स्क्रू आत-बाहेर, मग मेण लावून खरा स्क्रू, शेवटचा अर्धा आटा हाताच्या डिसमिसने. एकाही स्क्रूची चौफुली बिघडली नाही. काकांनी दार उघडझाप करून पाहिलं आणि तेच यंत्र माटवीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीची, चौकट ठोकायला मागून नेलं.

सगळे स्क्रू टॉर्चने तपासले. माळ्यांचे ३०४ स्वच्छ. दारावरच्या जुन्या कडीचे जस्ताचा मुलामा असलेले चार स्क्रू राहिले होते, ते एवढ्या पावसात पांढरे पडून कडेने तांबूस झालेत. ते उद्या काढून ३१६ घालायचे. पत्र्यांच्या स्क्रूंना रबर जागच्या जागी. पन्हळीसाठी लागणारा पत्रा आणि क्लॅम्प दसऱ्यानंतर आणायचे, तेव्हा पूर्वेच्या उताराचंही माप घेऊन ठेवायचं.